चारशे आठ पौंड लुटफिस्क

मार्लिस : थांबा ना काका. माझं ऐकून घ्या, मग खुशाल तुमचं ते कोडचं पॅकेज नेटवरून काढून टाका.

आर्ने : बोललीस की काल प्रोग्रामरांच्या भर सभेत. "आमच्या आर्नेकाकांनी चार ओळींचा कोड लिहिलाय. आकडा खरंच आकडा आहे का, एवढंच बघतो. लोक तेवढ्यासाठीही तो उतरवून घेतात." सगळे खिदळले.

मार्लिस : गंमत केली हो.

आर्ने : बारा वर्षं सांभाळतोय मी ते. परकी माणसं हसली, मनावर घेतलं नाही. तू घरची.

मार्लिस : हजारो लोकांची कामं अडतील.

आर्ने : लिहू देत की त्यांच्या त्यांनी चार ओळी.

मार्लिस : मी तेच केलं. चर्चच्या मेजवानीची ऑर्डर जाते ना, त्या वेबपानातून तुमचं पॅकेज काढलं. म्हटलं, बेरीज तर करायचीय, एका ओळीत होतं.

आर्ने : मग?

मार्लिस : हॉलसाठी चाळीस पौंड लुटफिस्क मासा, घरपोच डब्यांसाठी आठ. सकाळी ट्रक आला. चारशे आठ.

आर्ने : आकडे चौकटीत टाइप केले की कोडच्या भाषेला ती अक्षरं वाटतात. चाळीसला आठ चिकटवला तिनं. आणि चुकल्याचं सांगतही नाही.

मार्लिस : मासेवाला म्हणाला, यंदा मोठा बेत दिसतोय.

आर्ने : माझ्या चार ओळींनी तिथंच अडवलं असतं.

मार्लिस : माहितीय. म्हणून तर आले.

आर्ने : ठेवलायस कुठे?

मार्लिस : आमच्या गॅरेजात. आई सकाळीच मावशीकडे निघून गेली. म्हणाली, वास जाईपर्यंत फोन करू नकोस.

आर्ने : आणि सभेतल्या मंडळींना सांगितलंस?

मार्लिस : सगळं. ट्रकच्या फोटोसकट. कालपेक्षा जास्त हसले, पण मला. चुकले मी काका. मला खरंच वाईट वाटतंय.

(आर्ने लॅपटॉप तिच्याकडे वळवतो.)

आर्ने : हे बघ. पॅकेज सांभाळणाऱ्यांत एकच नाव आहे, माझं. मला आता ही बारीक अक्षरं दिसत नाहीत. खाली तुझं घाल.

मार्लिस : म्हणजे काढणार नाही?

आर्ने : घाल म्हटलं ना.

मार्लिस : पण मी? एवढं बोलल्यावरही?

आर्ने : ते कशासाठी आहे, हे आता तुला कळलंय. बस. आणि अंगावरचा तो माशाच्या वासाचा कोट बाहेर ठेवून ये.