चुलीवर एका भांड्याचा हक्क

लेखनिक: "…तसेच माझ्या मुलीस मागची खोली, तिचे लग्न होईपर्यंत अगर ती मरेपर्यंत, जे आधी घडेल तोवर. मागच्या दाराने ये-जा करण्याची मुभा. तिच्या आईची पेटी, एक पलंग, एक गादी. आणि चुलीवर एका भांड्याचा हक्क." बरोबर आहे ना, मालक?

वडील: बरोबर. पुढे चला.

लेक: थांबा काका. ते शेवटचं परत वाचा.

लेखनिक: चुलीवर एका भांड्याचा हक्क.

लेक: एका भांड्याचा! म्हणजे मी आंघोळीला पाणी तापत ठेवलं की जेवण शिजवायचं नाही. आणि जेवण चढवलं की आंघोळ उद्यावर. वा, बाबा! चौतीस वर्षांची झाले या घरात, आणि हिशेब काय तर एक भांडं!

वडील: तुला बोलावलं होतं का वर? मृत्युपत्र माझं चाललंय.

लेक: दूध द्यायला आले होते. दार उघडं होतं, कान माझे मी घरी ठेवून येत नाही.

लेखनिक: बाई, तसं हे वाईट नाही हो. सगळे असंच लिहितात. गेल्या महिन्यात त्या कुलूपवाल्याने बायकोला जिन्याखालची जागा दिली, आणि विहिरीवर दिवसाला दोन बादल्या. भांड्याचा उल्लेखच नाही.

लेक: मग तिने काय, कुलूप उकडून खाल्लं? काका, तुम्ही मधे बोलू नका. मला आधी वरचा भाग ऐकवा. दुकान कुणाला?

वडील: तुला माहीत आहे कुणाला. माझ्या भावाच्या मुलाला.

लेक: युवराजांना! घर त्यांना, दुकान त्यांना, दारावरची पाटी त्यांना, तांब्याचा मोठा हंडा, पिळायचे दांडे, वाळवायची गच्ची, सगळं त्यांना. आणि निळीचे तिन्ही रांजण?

वडील: दुकानाबरोबर रांजण जाणारच. रंगाऱ्याचं दुकान रांजणाशिवाय असतं का?

लेक: आणि रांजण माझ्याशिवाय?

वडील: झालं सुरू!

लेक: हो, झालं सुरू! परवा युवराज माझ्या खोलीत दोरी घेऊन भिंत मोजत होते. विचारलं काय करताय, तर म्हणतात, "ताई, तुझी खोली तुलाच ठेवलीय हो काकांनी, काळजी करू नकोस, मी फक्त इथे फळ्या मारणार." ही बातमी मला त्याच्या तोंडून कळावी? तुमच्या तोंडात काय मूग भरले होते?

वडील: आवाज खाली! खाली ऐकू जातंय.

लेक: जाऊ दे! लाकडी जमीन आहे, फटी आहेत, वरचं खाली जातं आणि खालचं वर येतं.

लेखनिक: ते मात्र खरं. म्हणजे… माफ करा, पण मला विचारायचंच होतं. खालून ही कसली घाण येतेय? मघापासून टाक धरवत नाही मला.

वडील: घाण? नीळ आहे ती. निळीचा वास असाच. तुम्हा कागदवाल्यांना सवय नसते.

लेखनिक: मालक, मी पंधरा वर्षं याच गल्लीतून जातो-येतो. तुमचा वास मला ओळखीचा आहे. ओल्या मातीसारखा, थोडा गुरांच्या गोठ्यासारखा. हा तो नाही.

वडील: तोच आहे. चांगला, गोडसर. रांजण उत्तम चाललाय, त्याची खूण आहे ही. तुम्ही लिहा.

लेक: गोडसर! ऐकलंत काका? उंदीर मेल्यासारखी दुर्गंधी येतेय, आणि रंगारी म्हणतायत गोडसर!

वडील: अगं ए…

लेक: दोन दिवस झाले, बाबा. परवापासून मी एकाही रांजणात मूठभर कोंडा टाकलेला नाही. उपाशी ठेवलेत. मोठा नासायला लागलाय, मधला त्याच्या मागोमाग जाईल. रस्त्यावरून जाणाऱ्याला कळतंय. या लेखनिककाकांना कळलं. तुम्हाला कळलं का?

वडील: मला… पाय गेलेत माझे. मी या पलंगावर आहे चार महिने. इथून काय कळणार?

लेक: काका पलंगापासून दोन हातांवर बसलेत.

लेखनिक: मी खिडकीजवळ सरकू का जरा?

वडील: बसा तिथेच! आणि तू, तोंड आवर. काय बोलतेस, कुणासमोर बोलतेस, काही भान?

लेक: अकरा वर्षं आवरलंय तोंड! काका, तुम्हाला वाटतं रंगाऱ्याची कमाई हातात असते. नाही. नाकात असते. रांजणातली नीळ जिवंत असते. भूक लागली तर तिला कोंडा, आंबली तर चुना. कमी पडलं तरी मरते, जास्त झालं तरी मरते. डोळ्याला दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. आधी कळतं ते फक्त वासाने. आणि अकरा वर्षांपूर्वी बाबांना मोठा ताप आला, त्या तापात यांचा वास गेला. पार गेला. आजतागायत आलेला नाही.

वडील: खोटं आहे.

लेक: मग सांगा, या दुधाला कसला वास येतोय? धरा. हुंगा. सांगा काकांना.

वडील: …दुधाचा.

लेक: सकाळी तुमच्या छातीला लावायला आणलेला कापूर ठेवलाय मी या दुधाच्या वाटीखालच्या ताटलीत. काका, येतोय का वास?

लेखनिक: …येतोय. चांगलाच येतोय.

वडील: ने ते! ने माझ्यासमोरून, नाहीतर फेकून देईन!

लेक: फेका! सांडलं तर मीच पुसणार आहे.

लेखनिक: पण मालक, मला समजत नाही. हाताखाली चार-चार माणसं होती तुमच्या. भर अंगणात तुम्ही ओरडायचात, "कोंडा टाका", "चुना आणा". मी स्वतः ऐकलंय. लोक म्हणायचे, लांबूनच कळतं याला.

लेक: लांबूनच कळायचं, कारण मी वाजवायचे! रोज सकाळी मी झाकण काढायचे, वास घ्यायचे, आणि हातातली पळी काठावर आपटायचे. एकदा वाजलं तर कोंडा, दोनदा वाजलं तर चुना. तीनदा, तर आज कापड बुडवायचं नाही. आणि हे तिकडून रुबाबात ओरडायचे. माणसं माना डोलवायची. अकरा वर्षांत एकदाही चुकले नाहीत ते, कारण मी चुकले नाही.

वडील: तुला शिकवलं कोणी? जन्मतःच शिकून आली होतीस? बोट धरून मी शिकवलं तुला, कुठला वास कशाचा.

लेक: तुम्ही शिकवलंत! मी कुठे नाही म्हणतेय? म्हणून तर इतकी वर्षं तुमची अब्रू पदराखाली झाकली! पण त्या बदल्यात चुलीवर एक भांडं? हे हात बघा. कोपरापर्यंत निळे. याच हातांकडे बघून दोन स्थळं परत गेली, तेव्हा काय म्हणालात? "जाऊ दे, तुझं घर हेच." हेच घर ना? मागच्या दाराने?

वडील: मग काय करू? सांग, काय करू मी! पाटी बाईच्या नावाने होत नाही. धंद्याचे पंच एका दिवसात उतरवतील. पुतण्या आहे म्हणून निदान छप्पर तरी राहतंय तुझ्या डोक्यावर. मी काय हौसेने लिहितोय? कायदा माझ्या बापाने केलाय?

लेक: विचारा की काकांना. कायदा त्यांना पाठ आहे.

लेखनिक: पाटी नाही होत, हे खरं. घर आणि दुकानही पाटीच्या मागे जातं. रांजण… ते ठेवलेले आहेत की पुरलेले?

वडील: गळ्यापर्यंत पुरलेले. ऊब राहायला.

लेखनिक: मग तेही घराचाच भाग. पण आतली नीळ घराचा भाग नाही, तो माल झाला. माल कुणालाही देता येतो, मुलीला, शेजाऱ्याला, मला सुद्धा. आणि ज्याचा माल भांड्यात आहे, त्याला माल संपेपर्यंत भांडं रिकामं करायला कोणी लावू शकत नाही. मालाकडे यायला-जायला पुढचं दारही द्यावं लागतं. ही नीळ साधारण संपते केव्हा?

लेक: संपत नाही.

लेखनिक: म्हणजे?

लेक: रोज जपली तर विरजणासारखी चालूच राहते, संपतच नाही. मोठ्या रांजणातली आजोबांच्या आजोबांनी धरलेली आहे.

लेखनिक: मग प्रश्नच मिटला की! हे तुम्ही मला मागच्या आठवड्यात का नाही विचारलंत, मालक?

लेक: मीही तेच विचारते. बाबा? तुम्ही विचारलंच नाहीत ना? कायदा आडवा नव्हता आला. तुम्ही आडवे आलात. बोला!

वडील: काय बोलू? नीळ तुला दिली की लोक विचारणार, का दिली. आणि का ते कळलं की भर बाजारात नाक कापलं जाईल माझं.

लेक: ज्या नाकाचा अकरा वर्षं उपयोग नाही, ते कापलं गेलं तर दुखेल कुठे?

वडील: तुला हसू येतंय!

लेक: हसत नाहीये मी. रडतेय. नीट बघा.

लेखनिक: मालक, लिहू का मग? "तिन्ही रांजणांतील नीळ माझ्या मुलीस…"

वडील: …लिहा. "तिने माझी सेवा केली म्हणून."

लेक: खोडा ते!

लेखनिक: खोडावंच लागेल. सेवेला लोक पलंग देतात मालक, नीळ नाही. उद्या पुतण्या पंचांकडे जाईल, म्हणेल म्हाताऱ्याला बोलण्यात गुंगवलं. पंच मला विचारतील, कारण काय? कारण पक्कं हवं. नाहीतर हा कागद चूल पेटवायला.

वडील: दुसरं काहीतरी लिहा. तुम्हाला शब्द सुचतात.

लेखनिक: शब्द सुचतात, कारणं सुचून चालत नाहीत.

लेक: राहू द्या काका. नका छळू त्यांना. मी जाते. मला नको नीळ, नको खोली, ते भांडंही युवराजांच्या डोक्यावर उपडं घाला. संध्याकाळपर्यंत मोठा रांजण मरेल. मग देत बसा कुणाला द्यायचा तो. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही माझा, स्वतःच्या हाताने उपाशी मारतेय त्याला, आणि तुम्ही अजून शब्द शोधताय.

(खालून जड झाकण फरशीवर पडल्याचा आवाज.)

लेखनिक: अरे बाप रे! आता तर श्वासच घेववत नाही.

लेक: उघडला! त्या युवराजाने मोठा रांजण उघडला! एवढ्या वाऱ्यात उघडा टाकतात का? काठी घालून ढवळत असेल मूर्खासारखा, तळचा गाळ सगळा वर…

वडील: लिहा.

लेखनिक: काय लिहू?

वडील: लिहा. "गेली अकरा वर्षे मला वास येत नाही. या दुकानातून बाहेर गेलेले प्रत्येक निळे कापड माझ्या मुलीने रंगवलेले आहे. मी नुसता ओरडत होतो."

लेखनिक: "नुसता ओरडत होतो" हेही लिहू?

वडील: तेही लिहा. आणि ते भांडं खोडा. अख्खी चूल लिहा. ऐकलंस? आता जा.

लेक: अकरा वर्षं लागली तुम्हाला हे म्हणायला.

वडील: भांडायला नंतर ये! जा आधी!

लेक: येणारच आहे. हे संपलेलं नाही, बाबा.

लेखनिक: गेल्या. काय धाडधाड उतरल्या… मालक, इथे सही करा. थांबा, मी कागद धरतो. हं. साक्षीला शेजारचा सुतार येईलच.

वडील: गप्प बसा जरा. ऐकू द्या. मला खालचं जरा कमी ऐकू येतं. वाजतंय का पळी? किती वेळा वाजली?

लेखनिक: नाही वाजत.

वडील: नीट ऐका.

लेखनिक: ऐकतोय. पळी नाही. त्या स्वतःच ओरडतायत पुतण्यावर. "काठी टाक खाली, चुन्याला हात लावू नकोस, कोमट पाणी आण आणि कोंडा आण" असं म्हणतायत.

वडील: चुना नको म्हणतेय?

लेखनिक: हो. बरोबर आहे का ते, मालक?

वडील: मला कुठलं कळतंय? तिला कळलंय ना. झालं.