अनिताचा व्हिसा

(शहापूरचा एसटी स्टँड, दुपार. सासू सकुबाई आणि सून अनिता मुरबाडच्या गाडीची वाट बघत बाकावर बसल्या आहेत.)

सकुबाई : मी म्हनते, परत जाऊन त्याला नीट विचारू. रेशन कारडाची तारीख वाढवून देतात, मग व्हिसाची का नाय?

अनिता : किती येळा विचारायचं, आत्या? त्या तिकीटवाल्यानं मान वर न करता सांगितलं, व्हिसा मेला. तारखेच्या आत मस्कतला उतरायचं व्हतं. नाय उतरलात, संपलं. त्याच्या हातात काय नाय.

सकुबाई : अगो, पन बोलावनारा शेखरच ना? तुझा नवरा, माझ्या पोटचा पोर. त्यानं बोलावलंय तर मधी तारीख कसली? बोलावनं काय शिळं होतं?

अनिता : बोलावनं त्यांचं. आत घ्यायचं का नाय ते तिथलं सरकार ठरवतं. व्हिसा म्हंजे सरकारची परवानगी. कवापर्यंत यायचं, किती दिस ऱ्हायचं, सगळं त्यावर छापलेलं असतं. मी तुमाला वाचून दाखवलं व्हतं.

सकुबाई : मला काय कळतंय त्यातलं? गावात तर म्हनतात, पंढरीच्या सुदामला व्हिसा लागला. म्हंजे नोकरी लागली, असंच समजते मी.

अनिता : लोक कशाला पन व्हिसा म्हनतात. नोकरीला व्हिसा, तिकिटाला व्हिसा. कोन परदेशी ऱ्हायला तरी म्हनतात, तो व्हिसावर हाय. तुमचा लेक गेला तवा तुमी घरोघर पेढे वाटलेत, व्हिसा आला, व्हिसा आला. माझा आला तवा नाय वाटलेत.

सकुबाई : पानी पितीस का?

अनिता : नको.

सकुबाई : दुसरा काढल तो. एक गेला म्हनून काय जगबुडी आली?

अनिता : कसा काढतील? बायको येनार म्हनून शेठनं त्यांना येगळी खोली दिली व्हती. मी गेले नाय, ती दुसऱ्याला दिली. आता परत कवा, ते शेठच्या मर्जीवर. परवा फोनवर सांगताना त्यांचा आवाज पार बसला व्हता. 

सकुबाई : माझ्याशी तर तो काय बोलला नाय.

अनिता : तुमच्याशी ते कवा काय बोलतात? आत्या, मी दमले. लगीन झालं आनी हळद उतरायच्या आधी ते गेले. मधी एकदा आले, भाताची लावनी आटपून परत गेले. एवढाच माझा संसार. आनी पानवठ्यावर बाया विचारतात, पोर कवा गो तुला? तुमी शेजारी उभ्या असता, पन एक शब्द बोलत नाय.

सकुबाई : मी काय मुद्दाम केलं? गौरी घरात बसलेली, सुनेला कशी धाडू? मग पितर आले. पितरांत कोन घर सोडतं?

अनिता : गौरी झाली, मी गप. पितर झाले, मी गप. म्हटलं, तारीख अजून बाकी हाय. नवरात्रातलं, तारखेच्या आतलं तिकीट मिळत व्हतं. पन घट बसले त्याच सकाळी मी अडकले.

सकुबाई : ज्या हातानं घट पेरला तो हात दसऱ्यापर्यंत शीव ओलांडत नाय. आपल्या घरात माझ्या सासूपासून चालत आलंय. ते मी मोडू?

अनिता : ते ठावं हाय मला. दर साली पेरतं कोन?

सकुबाई : ती गाडी आपली काय गो?

अनिता : ती किन्हवलीची. सांगा ना, कोन पेरतं?

सकुबाई : मीच पेरते.

अनिता : मला तर परडीला हात लावू देत नव्हतात. सुनेला पोर होईतवर तिनं घट पेरायचा नाय, असं तुमीच सांगायचात. औंदा न्हाऊन आले, तर धान माझ्या ओंजळीत. मी खुळी. म्हटलं, मी आता जानार म्हनून आत्यानं मान दिला. किती आनंदानं पेरलं मी.

सकुबाई : गुडघा दुखत व्हता. खाली बसवत नव्हतं.

अनिता : आत्या.

सकुबाई : भ्याले गो मी. तुझा सासरा गेला, मग शेखर गेला. तू पन गेलीस तर सांजच्याला त्या घरात मी कोनाशी बोलू, म्हशीशी? म्हटलं, दसऱ्यापर्यंत तरी ऱ्हाईल. व्हिसा मरतो हे मला खरंच वाटलं नव्हतं, देवाशपथ. सरकारी तारीख, आठ-दहा दिस मागं-पुढं चालत असंल, एवढंच डोक्यात व्हतं.

अनिता : हे मला तवा बोलायचं व्हतं.

सकुबाई : बोलले असते तर ऱ्हायली असतीस?

अनिता : नाय. गेले असते.

सकुबाई : मग?

अनिता : तुमच्या गळ्यात पडून रडून गेले असते. आता रातदिस एका घरात ऱ्हायचंय, आनी मला तुमच्याकडं बघवत नाय.