दुखतंय म्हणायची सोय नाही

तिचा नवरा व्यसनमुक्तीच्या डॉक्टरांकडे आत गेला होता. बाहेर बसलेल्या तिच्या मागच्या बाकावर एक गवंडी ट्रकड्रायव्हरला विचारत होता.

“पाठ बरी झाली ना?”

“कधीच झाली. दुखण्याची गोळी तेवढी सुटेना. मेंदूला म्हणे तिच्याशिवाय आनंदच होत नाही आता. नात मांडीवर दिली, तर दगडासारखा बसलो.”

“होईल हळूहळू.”

“पूर्वी दुखतंय म्हटलं की बायको उशाशी बसायची. आता उठून गोळ्यांच्या कपाटाला कुलूप लावते.”

“पण खरंच दुखतं?”

“पाठ नाही हो.”

“मग तिला काय सांगता?”

“बरं आहे म्हणतो.”

दार उघडून तिचा नवरा बाहेर आला.

“कसं वाटतंय?” तिने विचारलं.

“बरं आहे.”

पर्समध्ये कपाटाची किल्ली चाचपणारा तिचा हात तिथेच थांबला.