दादाने धरून ठेवलेली फाइल

माणूस गेल्यावर त्याचं ऑफिसमधलं खातं कोण बंद करतं रे? मी तिथे सगळ्यांना विचारलं, एकानेही सांगितलं नाही.

दादाला जाऊन आठवडा झालेला. त्याच्या माजिवड्याच्या ऑफिसमधून पहिल्यांदाच फोन आला. मला वाटलं, आईची चौकशी करतील. साहेब म्हणाले, "आम्ही सगळा डेटा नव्या सॉफ्टवेअरमध्ये नेतोय. तुझ्या भावाने एक फाइल उघडी ठेवलीय, म्हणून ती लॉक आहे आणि पुढचं सगळं अडलंय. त्याचा लॅपटॉप घेऊन ये."

गेलो. साहेबांनी सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावून स्पीकरवर टाकला. तो म्हणाला, "ज्यांनी फाइल उघडली, त्यांनाच सोडायला सांगा."

"तो आता नाही," साहेब म्हणाले.

"रजेवर आहेत का? कधी येणार?"

साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "माझा भाऊ वारला."

"ओके. मग त्यांचा दुसरा नंबर असेल तर द्या."

दादाच्या लॅपटॉपचा पासवर्ड मला माहीत होता, मॅच बघायला त्यानेच दिलेला. मी फाइल सोडायचं बटण दाबलं. पडद्यावर आलं, 'नक्की सोडायची का?' त्या ऑफिसने आमच्या घरच्यांना एवढंच काय ते विचारलं.

"हो दाब, हो दाब," साहेब मागून म्हणाले.

दाबलं. फाइलवरचं दादाचं नाव गेलं.

"सुटली," फोनवरचा खूश झाला. "सर आले वाटतं?"

"आलेले," मी म्हणालो. "तुमचं काम करून गेले."