टीव्हीतले जास्तीचे थर

हे आमच्या शाळेत कुठे बोलू नका हां. वीस वर्षं मी विज्ञान शिकवतोय, त्यातही प्रकाशाचा धडा म्हणजे माझा हातखंडा. घरचा टीव्ही अंधुक दिसायला लागला, म्हणून मीच उघडला. पडद्यामागे प्लास्टिकच्या पातळ चार शीट, एकावर एक! म्हटलं, एवढे थर असल्यावर उजेड बाहेर येणार कुठून? दोन काढून टाकल्या. टीव्ही आणखीच अंधारला.

शेवटी मेकॅनिकला बोलावलं. तो म्हणाला, "सर, ह्या शीटच उजेड गोळा करून समोर फेकतात. ह्यातल्या दोन कुठे गेल्या?"

आतून बायको ओरडली, "अंगणात आहेत. आंबापोळी घातल्येय त्यांवर!"

मेकॅनिकने माझ्याकडे नीट बघितलं. "सर, तुम्ही शाळेत काय शिकवता?"

मी म्हटलं, "इतिहास."