फेसाचा रंग

—तिथे नका बसू ताई, तो स्टूल डुगडुगतो. इकडे ओट्याजवळ बसा, इथून कढई नीट दिसेल. आई येतीलच, साडी बदलतायत. हो, वड्या करायला साडी बदलतायत, तुमच्या पाककृतींच्या पुस्तकात सासूबाईंचा फोटो येणार म्हटल्यावर! तीळ भाजायला मात्र जुना गाऊन चालतो — पण तो गाऊन माझा, आणि तीळही सकाळी साडेसहाला मीच भाजले. मंद आचेवर, तडतडायला लागले की लगेच ताटात काढायचे, नाहीतर कडवट लागतात — लिहिताय? लिहा लिहा, हे चालेल, आईंनी सांगितलं म्हणून लिहा — अगं बाई! काय वाजलं? शेजारच्यांचा कुकर होय. मी ना, अशीच आहे, दचकते. कॉलेजात प्रॅक्टिकलला परीक्षक नुसते मागे येऊन उभे राहिले तरी माझ्या हातातून परीक्षानळी सुटायची. केमिस्ट्री, हो. तरी पहिला वर्ग मिळाला. आता ती सगळी केमिस्ट्री गुळात विरघळलीय.

तुम्हाला आमचं घर कुणी सांगितलं? खालच्या मजल्यावरच्या काकूंनी? वाटलंच. अख्खी बिल्डिंग आईंना पाकवाल्या काकू म्हणते. थंडी पडली की बायका वड्या कशा करायच्या ते विचारायला वर येतात, आणि आई दारात उभ्या राहून सांगतात, "अगं, पाण्याच्या वाटीत थेंब टाकायचा, त्याची गोळी होते का ते चाचपायचं, हे शिकाऊ बायकांचं काम. मी आयुष्यात वाटी घेतली नाही. मी नुसता फेस बघते. फेसाचा रंग बदलला, गॅस बंद!" आणि समोरची बाई अशी बघते, जणू काही आईंनी भूकंपच आधी सांगितला. माझा नवरा तर त्याच्या पुढचा. तोंडात वडी कोंबून म्हणतो, "आईच्या हाताला तोड नाही." मागच्या आठवड्यात म्हणाला तेव्हा माझ्या बोटावर हा एवढा फोड होता, उकळत्या गुळाचा — हा बघा, डाग अजून आहे. मी म्हटलं, "तोड नाही, पण फोड आहे." त्याला काही कळलं नाही. त्याने दुसरी वडी घेतली.

नाही नाही, आई काहीच करत नाहीत असं नाही हं. ढवळतात ना! म्हणजे गूळ मी चिरायचा, दाणे मी सोलायचे, कूट मी करायचा, वेलची मी कुटायची, ताटाला तूप मी लावायचं, आणि सगळी फौज ओट्यावर उभी राहिली की सेनापती येणार, उलथनं फिरवणार आणि गॅस बंद करणार. बस. तेवढंच. आता खरं काम तेवढंच असतं म्हणा. अर्धं मिनिट आधी बंद केला तर वड्या धरत नाहीत, ताटातच लोळत बसतात. अर्धं मिनिट उशीर झाला तर दगड, बसा मग बत्त्याने फोडत. लोक नाव घेतात ते त्या अर्ध्या मिनिटाचं. आणि ते अर्धं मिनिट —

सांगू? वही मिटा आधी. पेनही ठेवा. फोनवर रेकॉर्डिंग नाही ना चालू? ते अर्धं मिनिट माझं आहे, ताई. गेली तीन वर्षं. मला काही फोटो नकोय, पण वडीच्या खाली, बारीक अक्षरात का होईना, माझं नाव यावं एवढं वाटतं. काल धीर करून आईंना विचारलं, "मीपण उभी राहू का शेजारी?" तर म्हणाल्या, "कशाला गं, ओट्याशी जागा ती किती!" मी गूळ चिरते तेव्हा बरी जागा असते.

कसं म्हणजे? मी खोकते. हसू नका, खरंच. आई ढवळतात, मी इथे फ्रिजपाशी उभी राहते, पाक झाला की एकदा खोकते, की त्या गॅस बंद करतात. बाहेर बसलेल्यांना वाटतं, सुनेला बारमाही सर्दी. नणंदबाईंनी तर काढा पाठवला. प्यायले. काय करणार? — आता त्यांना खोकला कशाला लागतो काय विचारता, फेसाचा रंग दिसत असता तर —

नाही. म्हणजे दिसतो. थोडा. उजेड असला की — असं नका ना बघू ताई. मी बोलायलाच नको होतं. एकदा पाक करपला तरी त्या ढवळतच होत्या. मी म्हटलं, "आई, धूर येतोय," तर म्हणाल्या, "वाफ आहे ती." मग एकदम माझा हात धरला — त्यांनी, माझा! — "त्याला सांगू नकोस गं, मला कोपऱ्यात बसवून ठेवतील सगळे." शपथ घातली. बाजारात जातो सांगून डॉक्टरांकडे मीच नेलं. त्यांनी सांगितलं, आहे तेवढं जपा. मुलाला माहीत नाही, मुलीला माहीत नाही. मलाच तेवढं माहीत होतं. आणि आता तुम्हाला. काय करून बसले मी!

पण शपथ डोळ्यांची होती, पाकाची नव्हती. बरोबर ना? नाही पटत? राहू दे. ठरलंय माझं, आज मी खोकणार नाही. बघाच तुम्ही. होऊ दे दगड. छापा दगडाचा फोटो —

या आई! काही नाही, तीळ दाखवत होते यांना. छान दिसतेय साडी. पदर खोचा हं, कढईत जाईल. हो, तूप घातलं, गूळ घातला, आता गॅस लावते. उलथनं उजवीकडे — म्हणजे, असतं तिथेच आहे. ताई, वही उघडा, आई सांगतायत. हो आई, इथेच आहे मी. फ्रिजपाशी. घसा? बरा आहे. ढवळा तुम्ही. अहो आहे, आहे मी इथेच, सारखं काय विचारताय?

काय झालं ताई? पाणी देऊ? — आई! गॅस का बंद केलात? अजून वितळलाय नुसता, रंग कुठे बदललाय — मी नाही खोकले, या खोकल्या!

आई.

तीळ नका घालू. राहू दे ते. हो... सांगितलं. सगळं नाही — हो, सगळं सांगितलं. चुकून बोलले हो आई, माझ्याकडे बघा ना. तिकडे नाही, तिकडे त्या बसल्यात. इकडे. मी इकडे आहे.

धुराने? कसला धूर, ताई? उकळी तरी फुटली होती का? कशाला खोकलात तुम्ही? मी खोकलेच असते. मी — काय माहीत.

जा तुम्ही. वही घ्या ती. आणि जाताना दार ओढून घ्या.