मागच्या गाडीला वाट

वहिनी — आणि मी वाट दिलीच नाही तर?

भावोजी — असं कुणी विचारत नाही, वहिनी. मागून हॉर्न आला की डोंगराच्या अंगाला घ्यायचं, हात स्टेअरिंगवर घट्ट ठेवायचे आणि हॉर्न पुढे निघून जाईपर्यंत आरशात बघायचं नाही. या घाटातला प्रत्येक ड्रायव्हर हेच करतो. मीही केलंय.

वहिनी — मागे गाडी असते?

भावोजी — हॉर्न असतो.

वहिनी — मी गाडीचं विचारलं.

भावोजी — गाडी नसते.

वहिनी — म्हणजे न दिसणाऱ्या गाडीला तुम्ही दांडगे गडी लगेच बाजू देता. आणि घरात बाई पाण्याची बादली घेऊन उभी असते तेव्हा दारातून हलत नाही.

भावोजी — थट्टा खाली पोचल्यावर करा. चाकांना हात लावून बघितला?

वहिनी — बघितला. सगळे ब्रेकचे ड्रम गार आहेत. ब्रेकच्या हवेचा काटा वर आहे. ट्रकमधल्या सिमेंटवरचे दोर ओढून बघितले. मी पाण्याचा टँकर चालवलाय भावोजी, झोपाळा नाही.

भावोजी — टँकर सपाटीवर चालवलाय. सपाटीवर गाडी तुमचं ऐकते. उतारावर ती फक्त वजनाचं ऐकते. गेअर कुठला टाकणार?

वहिनी — दुसरा. इथेच टाकणार, उभ्या गाडीत. तो खाली पोचेपर्यंत बदलायचा नाही. ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. जोरात दाबायचा, वेग उतरला की सोडून द्यायचा, परत गरज पडली की परत. झालं पाठांतर?

भावोजी — मध्येच इंजिन बोंबलायला लागलं तर?

वहिनी — बोंबलू दे. बोंबलतंय म्हणजे गाडी धरून ठेवतंय. न्यूट्रल मात्र मेले तरी करणार नाही.

भावोजी — या जागी असलं बोलू नका.

वहिनी — का? बोलण्याने नाही गेला तुमचा भाऊ. न्यूट्रलने गेला.

भावोजी — दादाचे ब्रेक फेल झाले होते.

वहिनी — झालं! म्हणे ब्रेक फेल झाले. जसे काही ब्रेकच रुसून निघून गेले. अहो, आधी इंजिन मोकळं सोडलं, मग सगळा भार ब्रेकवर आला, मग ते तापून जळाले. आणि इंजिन मोकळं का सोडलं? तर मालकाला ॲव्हरेज पाहिजे. रोज टोचायचा, तुझी गाडी डिझेल पिते, बाकीच्यांची कशी पीत नाही. हा घरी येऊन मला कौतुकाने सांगायचा, आज अख्खा घाट फुकट उतरलो. एक दिवस खरंच फुकट गेला.

भावोजी — मालक रडला होता हो त्या दिवशी.

वहिनी — रडला ना. माझ्यासमोर येऊन म्हणाला, फार चांगला माणूस होता. मी विचारलं, ॲव्हरेज किती द्यायचा हो हा चांगला माणूस? तेव्हा रडणं थांबलं त्याचं.

भावोजी — तुमच्या तोंडापुढे कुणाचं काही चालायचं नाही. चला. धुकं वाढतंय. दिवे लावा, खालचे. वरचे लावले की धुकंच अंगावर येतं.

वहिनी — लावले. सोडते ब्रेक.

भावोजी — सावकाश... हं. बघा, इंजिनाने धरली. पाय काढा. काढा पाय, तरंगत ठेवू नका.

वहिनी — काढलाय.

भावोजी — हे पहिलं वळण. आता डावीकडे दरी आहे.

वहिनी — दिसत नाहीये.

भावोजी — नाही दिसत तेच बरं.

वहिनी — एक विचारू? ज्याचे ब्रेक गेले तो मागून हॉर्न मारत येतो, आपण बाजूला होतो. मग त्याचं पुढे काय होतं?

भावोजी — पुढे मोकळा रस्ता मिळाला तर... त्याचं नशीब.

वहिनी — या घाटात मोकळा रस्ता कुठे आहे? वळणावर वळण आहे.

भावोजी — नाहीच आहे.

वहिनी — म्हणजे आपण त्याला वाट देत नाही. दरी देतो.

भावोजी — मग काय करायचं? मध्ये उभं राहून आपणही मरायचं?

वहिनी — दुसरं काहीच नाही करता येत?

भावोजी — आहे एक. आता कुणी करत नाही. मी पण फक्त ऐकलंय. जुने ड्रायव्हर मागच्याला पाठीवर घ्यायचे.

वहिनी — म्हणजे?

भावोजी — म्हणजे आपली गाडी त्याच्या पुढ्यात ठेवायची. त्याचं तोंड आपल्या पाठीला टेकू द्यायचं. आणि मग आपल्या इंजिनावर, आपल्या ब्रेकवर दोन्ही गाड्यांचं वजन घेऊन हळूहळू थांबवायचं.

वहिनी — तुम्ही कुणी तुमच्या दादाला नाही घेतलं पाठीवर?

भावोजी — त्याच्या पुढे त्या दिवशी कोण होतं कुणाला माहीत! आणि सोपं नसतं ते. तो सुसाट येत असतो. तुम्ही दुसऱ्या गेअरमध्ये रांगताय. तसाच येऊन आदळला तर दोघं खाली. म्हणून आधी आपल्याला त्याच्या वेगाला जावं लागतं. आणि त्या वेगाला एकदा गेलं की परत दुसरा गेअर पडत नाही. या घाटात जे गेले त्यातले निम्मे हॉर्नला घाबरून पळालेले, आणि काही असे, दुसऱ्याला वाचवायला पळालेले. पळाला तो गेला. वळण! जास्त वेगात आलात.

वहिनी — दाबते.

भावोजी — दाबा... सोडा. छान. वास येतोय का?

वहिनी — नाही.

भावोजी — मला येतोय. जळका.

वहिनी — आपला नाहीये. मी ब्रेक आत्ता कुठे एकदा दाबलाय.

भावोजी — काच वर करा.

वहिनी — भावोजी...

भावोजी — ऐकलं मी. डोंगराच्या अंगाला घ्या.

वहिनी — दोनदा तोकडा, एकदा लांब.

भावोजी — वहिनी, बाजूला घ्या.

वहिनी — आमच्या गल्लीच्या तोंडाशी हे असाच वाजवायचे. मी चहाचं आधण ठेवावं म्हणून. सगळी गल्ली शिव्या घालायची. तुम्ही मला का नाही सांगितलं, की हॉर्न असा वाजतो?

भावोजी — काय सांगायचं होतं? तुम्हाला घरात झोप लागली असती का?

वहिनी — तशीही कुठे लागत होती!

भावोजी — जवळ आला. घ्या ना बाजूला! सगळे घेतात, काही होत नाही, तो जातो निघून.

वहिनी — कुठे जातो?

भावोजी — पुढे.

वहिनी — आणि परत दुसऱ्या दिवशी वरून येतो. परत हॉर्न मारतो, परत सगळे भले लोक बाजूला होतात. म्हणून तर तो अजून उतरतोय, भावोजी. त्याला कुणी थांबूच दिलं नाही.

भावोजी — तुमच्या डोक्यात काय चाललंय?

वहिनी — मी रस्त्याच्या मधोमध चाललेय.

भावोजी — वहिनी, माझ्या पोरी लहान आहेत!

वहिनी — माहीत आहे. त्यांच्या वेळची बाळंतपणं मीच केलीत. स्टेअरिंगला हात लावाल तर बोटं मोडीन.

भावोजी — मग निदान वेग तरी वाढवा! तो येऊन आदळेल. तिसरा टाका, त्याच्या वेगाला जा, मग तरी—

वहिनी — तिसरा टाकला की आपण गेलो. आत्ता तुम्हीच म्हणालात.

भावोजी — मग काय करणार?

वहिनी — काही नाही. आहे तशी चालणार. लग्न झाल्यापासून त्यांच्या वेगाने पळालेय. ते म्हणाले गाव सोडू, सोडलं. ते म्हणाले टँकर सोड, लोक हसतात, सोडला. आज मी पळणार नाही. त्यांना यायचं असेल तर माझ्या वेगाने येतील.

भावोजी — मेलेल्या माणसाशी हट्ट करताय.

वहिनी — जिवंतपणी कुठे करू दिला!

भावोजी — आरशात उजेड पडलाय. पिवळा. धुक्यात... वहिनी, एकच दिवा आहे. दादाच्या गाडीचा उजवा दिवा—

वहिनी — बघू नका म्हणाला होतात ना? मग नका बघू. पुढचं वळण सांगा.

भावोजी — उजवं. मोठं. नंतर लगेच डावं. अरे देवा, हॉर्न ऐका, अगदी पाठीशी आलाय. कानठळ्या बसतायत.

वहिनी — दिव्यांचं बटण कुठलं? मागचे, दोन्ही बाजूंचे एकदम लुकलुकतात ते.

भावोजी — तांबडं. डावीकडे. कशाला?

वहिनी — त्यांना कळू दे की पुढे कुणीतरी आहे. आणि मुद्दाम आहे.

भावोजी — धरा! धरा, आला—

वहिनी — टेकला.

भावोजी — टेकला? नुसता टेकला?

वहिनी — नुसता. झोपेत पाठीला कपाळ लावावं तसा.

भावोजी — हॉर्न बंद झाला.

वहिनी — झाला. पण वजन आलं बघा. काटा बघा. इंजिन बघा कसं ओरडतंय.

भावोजी — वहिनी, इतकं सिमेंट आपल्या गाडीत नाहीये. हे दुप्पट आहे. हे काय ओढतंय... ढकलतंय आपल्याला?

वहिनी — रडू नका. मला आत्ता दीर नकोय, ड्रायव्हर पाहिजे. बोला!

भावोजी — दाबा. पूर्ण. मोजत बसू नका, वेग उतरेपर्यंत दाबा... सोडा. इंजिनाला घेऊ दे. घेतंय. घेतंय. परत वाढला. दाबा. सोडा. हवा किती आहे?

वहिनी — थोडी उतरलीये.

भावोजी — मग आता लागोपाठ नको. एक दमाचा ब्रेक मारा आणि हवा भरू द्या. डावं वळण घ्या. आतून घ्या, दरीकडे जाऊ नका, मागचं वजन बाहेर फेकेल.

वहिनी — फेकतंय.

भावोजी — फेकू दे. तुम्ही स्टेअरिंग झटक्यात तोडू नका. हळूच. हळूच... आली. आली वळून. शाब्बास!

वहिनी — आता मलाही येतोय वास.

भावोजी — हा आपल्या ब्रेकच्या लायनरचा. अजून दम आहे त्यांच्यात. हे शेवटचं वळण, मग सरळ उतार, मग सपाटी. वहिनी, दादा असाच आतून वळण घ्यायला सांगायचा मला. डोक्यावर टपली मारून.

वहिनी — मला कधी सांगितलं नाही. मला गाडीत बसू पण देत नव्हते. सोडू?

भावोजी — सोडा. धुकं विरळ होतंय. खालचे दिवे दिसतायत, चहाची टपरीच ती. मागचा भार अजून आहे?

वहिनी — आहे. पण आता ढकलत नाहीये. नुसता चालतोय बरोबर.

भावोजी — टपरीच्या अलीकडे मोकळी जागा आहे. तिथे घ्या. जोरात दाबू नका आता, ड्रम लाल झाले असतील. इंजिनावर येऊ द्या... येऊ द्या... क्लच... हं. हँडब्रेक. झालं.

वहिनी — उभी राहिली?

भावोजी — उभी आहे. वहिनी, हात काढा स्टेअरिंगवरून.

वहिनी — निघत नाहीयेत.

भावोजी — एक एक बोट काढा. घाई नाही. मी खाली उतरून मागे बघून येतो.

वहिनी — नका उतरू.

भावोजी — चाकांखाली दगड लावायला नको?

वहिनी — थोडा वेळ नका उतरू. ऐका.

भावोजी — दार वाजलं. आपलं?

वहिनी — आपली दोन्ही बंद आहेत.

भावोजी — कुणीतरी खाली उतरलं. खडीवर पाय वाजतायत. तुमच्या बाजूने येतायत का?

वहिनी — नाही. लांब चाललेत. टपरीकडे.

भावोजी — मी हाक मारतो. दादा म्हणून एकदा हाक मारतो.

वहिनी — नका मारू.

भावोजी — मग निदान आरशात बघू द्या. एकदाच. माझा सख्खा भाऊ आहे हो.

वहिनी — राहू दे, भावोजी. लाजतील ते. आयुष्यात पहिल्यांदा बायकोच्या मागून आलेत.